‘सकाळी चहा कुणाबरोबर घेतला?’ : एमडी अ‍ॅनेस्थेशियाची माझी चार वर्षं

एमबीबीएसनंतरच्या पीजी प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या की माझा फोन वाजायला लागतो. “ताई, अ‍ॅनेस्थेशिया लागू शकतंय. घेऊ का? घरचे म्हणतात त्यात पेशंट आपला होत नाही.” प्रत्येकीशी चाळीस मिनिटं बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. मी हा विषय, म्हणजे भूलशास्त्र, आवडीनं निवडला नव्हता, हे आधीच सांगते. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

मी गंगाखेड तालुक्यातली. अण्णा एसटीत कंडक्टर होते. तिकिटांचा हिशोब सांभाळून सांभाळून त्यांना कागदांचं वेड लागलंय. रेशनकार्डापासून माझ्या दहावीच्या मार्कलिस्टपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये घालून एका निळ्या फायलीत. त्या फायलीनं मला पुढं खूप वेळा तारलं आणि शेवटी एकदा गोत्यातही आणलं. ते शेवटी सांगते.

२०१५ साली सीईटीतून मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसला लागले. तेव्हा ७०:३० चा नियम होता, आपल्या विभागातल्या मुलांना इथल्या ७० टक्के जागा. २०२० मध्ये तो गेला. साडेचार वर्षं अभ्यास आणि मार्च २०२० ला इंटर्नशिप सुरू, म्हणजे पहिल्याच महिन्यात लॉकडाऊन. त्या वर्षाबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी थांबते.

इंटर्नशिप संपली की सरकारी कॉलेजच्या मुलांना एक वर्षाचा बाँड. नाही केला तर १० लाख भरा. आमच्याकडे तो पर्यायच नव्हता. मला हिंगोली जिल्ह्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं, आणि अ‍ॅनेस्थेशियाशी माझी खरी ओळख तिथं झाली, ओटीपासून (ऑपरेशन थिएटरपासून) कितीतरी किलोमीटर दूर.

जुलै महिना. पहाटे चारला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आणला. जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतंय म्हणून उठला. आई म्हणाली, “पोटातच दुखायलंय, बाकी काई नाई.” जखम कुठंच दिसेना. पण पापण्या खाली यायला लागल्या होत्या आणि ‘जीभ बाहेर काढ’ म्हटलं तर ती दातांच्या पुढं येईना. मण्यार. हा साप रात्री झोपेत चावतो, दात इतके बारीक की खूण बऱ्याचदा सापडत नाही, आणि विष नसांवर काम करतं. डोळे, घसा, मग श्वास. प्रतिविष सुरू केलं, १०८ बोलावली. निघताना तो कसाबसा श्वास घेत होता, अर्ध्या रस्त्यात तोही थांबत आला. मी मास्क धरून अँबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत राहिले. डाव्या हातात गोळे आले. मास्क नीट बसलाय की हवा पोटात चाललीय हेसुद्धा कळेना. दवाखान्यात पोचल्यावर एक भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, मुलाचं डोकं जरा वर उचललं, तोंड उघडलं, आणि मी दोन वेळा डोळे मिचकावेपर्यंत नळी श्वासनळीत होती. “छाती बघ,” एवढंच म्हणाल्या. दोन्ही बाजू सारख्या वर येत होत्या.

मुलगा आठवडाभरानं घरी गेला. मला मात्र अजूनही मेडिसिनच हवं होतं. माणूस असा एका रात्रीत बदलत नाही.

नीट-पीजीचं त्या वर्षी काय झालं ते आताच्या मुलांना खोटं वाटेल. परीक्षा जानेवारीतून १८ एप्रिल २०२१ ला गेली, मग तीन दिवस आधी रद्द होऊन शेवटी ११ सप्टेंबरला झाली. फी पाच हजारांच्या आसपास. केंद्र आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरला मिळालं. अण्णा सोबत आले आणि साडेतीन तास फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिले. २०० प्रश्न, बरोबरला चार, चुकला तर एक वजा. रँक आली सतरा हजारांच्या घरात. मग आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं आणि काउन्सेलिंग सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडला. या चार महिन्यांत अभ्यास नाही आणि विषयही नाही. आरोग्य केंद्रात बसून मी लसीकरणाचे तक्ते भरत होते आणि रात्री गेल्या वर्षीचे कटऑफ चाळत होते.

कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथंच मुलं रडतात. एमबीबीएसच्या सगळ्या मार्कलिस्टा, अटेम्प्ट सर्टिफिकेट, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं पत्र, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र आणि त्याची व्हॅलिडिटी, चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर. शेवटचं नेहमी घात करतं. मागच्या वर्षीचं असेल तर तहसीलच्या चकरा आधीच सुरू करा, तिथं तुमच्या फेरीच्या तारखेसाठी कुणी थांबत नाही. एमबीबीएसचा बाँड झाला असेल तर तो पूर्ण केल्याचं पत्र निघायला वेळ लागतो. माझे ३६५ दिवस १० मार्चला भरले आणि पत्रासाठी मला त्या टेबलासमोर पाच वेळा उभं राहावं लागलं. मूळ कागद कॉलेजात जमा होतात ते तीन वर्षांसाठी. म्हणून आधी सगळं स्कॅन करा, दहा संच झेरॉक्स काढा, आणि एक संच घरी ठेवा. स्टॅम्प पेपर तेव्हा शंभराचा चालायचा, आता पाचशेचा घ्यावा लागतो.

पहिल्या फेरीत मेडिसिन लागलं नाही. दुसऱ्या फेरीत यादीत अ‍ॅनेस्थेशिया आलं. विभागातलंच सरकारी कॉलेज होतं, घरापासून एका एसटीच्या अंतरावर. रात्रभर विचार केला, म्हणजे रात्रभर रडले. सकाळी अण्णा म्हणाले, “पुन्हा वर्षभर बसायचं आसंल तर बस. पर ह्याच्यात वाईट काय हाय ते सांग.” मला सांगता आलं नाही.

प्रवेशाच्या वेळी पुढच्या बाँडवर सही. एमडीनंतर पुन्हा एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर ५० लाख. अण्णांनी तो आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि सही केली.

मार्च २०२२ च्या शेवटी रुजू झाले. पहिले तीन आठवडे मी पेशंटला हातच लावला नाही. सकाळी सातला ओटीत जायचं, मशीन तपासायचं. मध्यवर्ती ऑक्सिजनचा दाब, मागचा जोडसिलिंडर भरलेला आहे का, सर्किटमधून गळती, घसा दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, आणि सक्शन, म्हणजे घशातलं ओढून घेणारं यंत्र. सक्शन सुरू करून नळी तळहातावर लावून बघायची. मग औषधं भरायची आणि प्रत्येक सिरिंजवर नावाची पट्टी. अ‍ॅट्रोपीन, मेफेंटरमीन आणि साधं पाणी तिन्ही दिसायला सारखंच. प्रोपोफॉल तेवढं दुधासारखं पांढरं, बाकी कुणाच्या तोंडाकडे बघून ओळख पटत नाही. ‘मला लक्षात आहे’ म्हणणाऱ्या ज्युनियरच्या सगळ्या सिरिंजा आमच्या मॅडम न बोलता कचऱ्यात टाकायच्या. माझ्याही दोनदा गेल्या.

पहिला स्पायनल, म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखाली द्यायची भूल, एप्रिलअखेरीस. सत्तरीच्या एक आजी, मांडीचं हाड मोडलेलं. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली जागा अंगठ्यानं शोधायची, २५ नंबरची केसासारखी सुई, आणि आत जाताना हाताला कागद फुटल्यासारखं एक बारीक ‘पट्’ जाणवतं. मागची तार काढली की सुईच्या टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब जमतो. हे पुस्तकात. माझी सुई चार वेळा हाडावर आपटली. घाम मास्कमध्ये. आजी एका कुशीवर पडल्या पडल्या म्हणाल्या, “दमानं कर लेकी, मी कुटं पळून चाललेय.” पाचव्या वेळी मॅडमनी माझा हात फक्त दोन अंश वर केला आणि थेंब आला.

पाठ वाकवून घेणं हे निम्मं काम असतं, आणि ते इंग्रजी पुस्तकातल्या सूचनेनं होत नाही. ‘गुडघे छातीशी घ्या, हनुवटी खाली’ म्हटलं की बाया ताठ होतात. ‘कापूस वेचताना वाकता ना मावशी, तशी पाठ करा’ म्हटलं की पाठ बरोबर बाहेर येते. बसवून देताना मी हेच सांगते. आणि ‘पाठीत सुई दिली की जन्मभर कंबर दुखते’ हे प्रत्येक घरात ऐकवलं जातं. त्यावर वाद घालू नका. सुई टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं, डोकं दुखलं तर मला सांगा, आणि कंबर आधीपासून दुखते का ते आताच लिहून घेते, एवढं म्हणायचं. ऐकून घेतलं की सोडून देतात.

जूनमध्ये श्वासनळीत जायची नळी मी चुकून पोटात घातली. सगळ्यांची जाते, पण ज्या दिवशी आपली जाते त्या दिवशी हे सांगून उपयोग नसतो. पेशंटला आधी तीन मिनिटं पूर्ण ऑक्सिजन दिलेला असतो, त्यामुळे नळी चुकली तरी बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा लगेच पडत नाही. शंभर, नव्व्याण्णव, शंभर. मी खूश. मॅडमची नजर मात्र कॅपनोग्राफवर. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची जी लाट तिथं उठायला हवी, ती उठलीच नव्हती, रेघ सपाट. “काढ,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मास्कनं पुन्हा ऑक्सिजन, दुसरा प्रयत्न त्यांचा, लाटा सुरू. संध्याकाळी चहा पिताना म्हणाल्या, “सॅच्युरेशन चुगली करतं, पण उशिरा. कॅपनो लगेच करतो. आणि कान मॉनिटरकडे ठेवत जा.” पल्स ऑक्सिमीटरचा ‘टिंग’ ऑक्सिजन उतरला की सूर खाली आणतो. दोन-तीन महिन्यांनी माझ्या कानात तो सूर बसला. आता मॉनिटरकडे पाठ फिरवून औषध भरत असले तरी सूर घसरला की मान आपोआप वळते.

आता शीर्षकातल्या चहाबद्दल. ऑगस्ट २०२२. हर्नियाची ठरलेली शस्त्रक्रिया, साठीचे काका. मी विचारलं, “काका, काही खाल्लं का?” “नाई बाई, उपाशीच हाय.” स्पायनल लागला नाही म्हणून पूर्ण भूल द्यायची ठरली. औषध दिलं आणि मास्क धरलेला असताना तोंडातून घास वर आले. सक्शन सुरू, टेबलाचं डोकं खाली, नळी. सगळं मिळून मिनिटभर असेल. फुप्फुसात थोडं गेलंच. काका दोन दिवस आयसीयूत, मी दोन रात्री त्यांच्या बेडजवळ. शुद्धीवर आल्यावर रागानं नव्हे, अगदी सरळपणे म्हणाले, “तुमी जेवलाव का इचारलं. म्या जेवलो नव्हतो. च्या-बटर खाल्लं होतं.”

चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे जेवण म्हणजे भाकरी, चहा-बटर म्हणजे तोंड धुतल्यानंतरची गोष्ट. उपवासाचे आकडे सोपे आहेत : साधं पाणी दोन तास, अंगावरचं दूध चार, दूध आणि हलकं खाणं सहा, तेलकट किंवा भरपेट आठ. दुधाचा चहा सहाच्या खात्यात जातो. त्या दिवसापासून मी ‘काही खाल्लं का’ विचारत नाही. “सकाळी चहा कुणाबरोबर घेतला?” असं विचारते. “सुनंनं दिला की” असं लगेच येतं. लहान मुलांच्या बाबतीत आईऐवजी आजीला विचारा, बिस्किटाचा पुडा तिच्या पदराखाली असतो.

भूल देण्याआधीची तपासणी, आमच्या भाषेत पीएसी, मला सुरुवातीला कारकुनी वाटायची. रक्तदाब, साखर, ईसीजी, तोंड किती उघडतं. ‘तीन बोटं तोंडात मावतायत का’ हे बघायचं असतं. पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. गाल आतून पांढरे, चिवट, दोरीसारखे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; मिटत चाललेली तोंडं मात्र मी रोज बघते. अशा पेशंटला आधी झोपवलं आणि मग नळी जाईना झाली तर मागं फिरायला वाट नसते. म्हणून तो जागा असतानाच घसा बधिर करून नाकावाटे दुर्बिणीनं नळी घालतात. ‘तंबाखू खाता का’ला उत्तर ‘नाही’ असतं. ‘पुडी कोणती खाता’ला नाव येतं.

दुसऱ्या वर्षी एक केस झाली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तरुण बाई, आतड्याचं तातडीचं ऑपरेशन, रात्रीचे दोन. पोट भरलेलं धरून चालायचं, म्हणून स्नायू झटपट लुळे करणारं स्कोलिन दिलं. त्याचा असर पाच-दहा मिनिटांत उतरतो. अर्धा तास झाला, बोट हलेना. तासाभरानं ऑपरेशन उरकलं तरी श्वास नाही. सीनियरनं बाहेर जाऊन नवऱ्याला विचारलं, सासूला विचारलं. काही नाही. मग मी त्या बाईच्या आईला बाजूला घेतलं आणि फवारणीचं विचारलं. बराच वेळ गप्प होती. “पंधरा दिसाखाली प्याली होती. पोलीस केस हुईल म्हणून खाजगीत नेलं.”

कीटकनाशकातलं फॉस्फरसचं विष रक्तातलं जे एन्झाइम मारतं, तेच एन्झाइम स्कोलिन फोडतं. ते पुन्हा भरून यायला आठवडे लागतात. इलाज एकच : व्हेंटिलेटरवर ठेवा, गुंगी चालू ठेवा, वाट बघा. कारण पेशंट लुळी असली तरी तिला ऐकू येत असतं. पहाटे सहाला तिची भुवई हलली. तोवर मी तिच्या कानाशी दर थोड्या वेळानं सांगत होते की ऑपरेशन झालंय, श्वास आम्ही देतोय, घाबरू नका. तिला त्यातलं काही आठवत नाही, हे नंतर विचारून घेतलं. मराठवाड्यात काम करणार असाल तर पीएसीच्या फॉर्ममध्ये एक ओळ स्वतःची घाला : गेल्या दोन महिन्यांत विष, फवारणीची बाधा, घरात कुणी काही प्यालं का. विचारायचं एकट्यात, आणि शक्यतो माहेरच्या बाईला.

या काळात घरी स्थळं बघणं सुरू होतं. एका ठिकाणी आत्यानं माझं काम समजावलं, “ऑपरेशनच्या आधी सुई देती, मग मोकळी.” मुलाकडचे म्हणाले, बरं, म्हणजे घरी वेळेवर येईल. मी छत्तीस तासांच्या ड्युटीवरून येऊन समोर बसले होते. चहाचा कप हातात असताना डुलकी लागली. स्थळ गेलं.

थिसिसबद्दल फार नाही सांगणार. हाताच्या नसा बधिर करताना ब्युपिव्हेकेन या नेहमीच्या औषधासोबत डेक्समेडेटोमिडिन हे दुसरं औषध घालून परिणाम किती टिकतो, असा विषय. देशातल्या निम्म्या पोरांचा तोच असतो. साठ पेशंट. एथिक्स कमिटीनं माझा मराठी संमतीपत्राचा मसुदा परत पाठवला. मी लिहिलं होतं, ‘आपली निवड यादृच्छिक पद्धतीने केली जाईल.’ कमिटीत बाहेरचे, डॉक्टर नसलेले एक सदस्य होते, ते म्हणाले, “बाई, हे मलाच समजत नाही.” मग ‘चिठ्ठी काढून ठरवलं जाईल’ असं केलं आणि मंजूर झालं. आकडेमोडीसाठी सहा हजार, छपाई-बांधणीला नऊ हजार गेले. संशोधनाचा बीसीबीआर कोर्स आणि एक पोस्टर लवकरात लवकर उरकून टाका. लॉगबुक रोज भरा. शेवटच्या महिन्यात तीन वर्षांच्या केसेस आठवून लिहिणारे आमच्यात चौघं होते.

एमडीत आता तीन महिन्यांची जिल्हा निवासी सेवा सक्तीची आहे. २०२१ च्या प्रवेशांपासून, म्हणजे आमच्यापासूनच, सुरू झाली. मला एप्रिल ते जून २०२३ मध्ये एका उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. ‘तीन महिने सुट्टी’ असं सीनियर म्हणाले होते. तिथं कॅपनो नव्हता आणि दुपारी वीज जायची. जनरेटर चालू व्हायला दीड-दोन मिनिटं लागत. पहिल्यांदा अंधार झाला तेव्हा सिझर चालू होतं. मॉनिटर गप्प. मी टेबलावरच्या मावशींच्या मनगटावर बोटं ठेवली आणि मोठ्यानं नाडी मोजायला लागले. सिस्टरनं मोबाइलची बॅटरी धरली. खालून मावशी म्हणाल्या, “लाइट गेली का? मला समदं ऐकू यायलंय.” त्यांना हसू आलं होतं. बाळ बाहेर आलं तेव्हा अजून अंधारच होता. तिथल्या ओटीतल्या मामांनी मला शिकवलं की जनरेटरचं डिझेल सकाळी स्वतः बघायचं. मशीनच्या तपासणीत मी ते अजून धरते.

त्याच रुग्णालयात मला कळलं की अठरा आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टरही सिझरसाठी भूल देतात. सरकारी सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी ती सोय आहे. ज्यांना एमडी मिळत नाही किंवा नको, त्यांना राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं तीन वर्षांचं डीएनबी आहे, त्याच मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. मला फोन करणाऱ्या निम्म्यांना हे माहीत नसतं.

पैशांचं. स्टायपेंड वर्षागणिक थोडा वाढतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांच्या संपानंतर सरकारनं दहा हजारांची वाढ मंजूर केली. पण तो दर महिन्याला एका तारखेला येईल असं धरू नका. दोन महिन्यांची मेसची रक्कम बाजूला ठेवूनच हॉस्टेलला या. पहिल्या दिवाळीत मी अण्णांकडून पैसे मागितले, पगार असून.

परीक्षा झाली तेव्हा हरभरा घाट्यावर आला होता, २०२५ ची सुरुवात. चार पेपर, शंभर-शंभर मार्कांचे. प्रॅक्टिकलला चार परीक्षक, एक मोठी केस, छोट्या केसेस आणि टेबलं. औषधं, उपकरणं, ईसीजी, एक्स-रे. माझ्या मोठ्या केसला झडपेचा आजार असलेली गरोदर बाई आली. परीक्षकांनी आकडे विचारले, ते सांगितले. मग एकांनी विचारलं, “हिला झोपताना किती उशा लागतात?” ते मी विचारलं होतं. “तीन, आणि पहाटे उठून खाटेवर बसते.” ते पुढं गेले. पास झाले. मार्क सांगण्यासारखे नाहीत.

मग पुन्हा कागद : कौन्सिलमध्ये वाढीव पात्रतेची नोंद, ती झाल्याशिवाय तज्ज्ञ म्हणून सही करू नका. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, ३० क्रेडिट तास लागतात, परिषदांच्या पावत्या जपा. बाँडचं वर्ष सीनियर रेसिडेंट म्हणून एप्रिल २०२५ ते एप्रिल २०२६ केलं. त्या वर्षाबद्दल एकच : ज्युनियरनं ‘मॅडम, जरा येता का’ म्हटलं की ‘काय झालं’ विचारत बसू नका, आधी उठा.

दीड महिन्यापासून बाहेरच्या केसेस घेतेय. जुनी वॅगनआर, मागं बॅग. त्यात दोन लॅरिंगोस्कोप, सगळ्या मापांच्या नळ्या, नळी सरकवायची बूजी, घशात बसवायचा एलएमए, हाताएवढा कॅपनो, माझा स्वतःचा अँबू. तालुक्याच्या गावी सिझरला तीन-चार हजार मिळतात, कधी त्याच दिवशी, कधी ‘पुढच्या केसला एकदम देतो’. कुठंही पहिल्यांदा जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा : जोडसिलिंडर आहे का, सक्शन चालू आहे का, आणि रात्री सिस्टर कोण असते. तिसऱ्याला अडखळले तर जाऊ नका. मी दोन ठिकाणी नाही म्हणाले. एका डॉक्टरांनी परत बोलावलं नाही, दुसऱ्यांनी सक्शन दुरुस्त करून फोन केला. व्यावसायिक विमा पहिल्या केसच्या आधी काढा.

पेशंट आपला होत नाही, हे खरं आहे. टाके काढायला येतात ते सर्जनकडे. मागच्या आठवड्यात परळीच्या बसस्टँडवर एक बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं ओळखलं. “तुमी बँकेत हाव का?” म्हणाल्या.

आता अण्णांची फाइल. पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून आलं तेव्हा मी ड्युटीवर होते. अण्णांनी ते सोडवून घेतलं, पेढे आणले, आणि त्याच दुपारी स्टँडसमोरच्या दुकानात जाऊन जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलं. चारी कडा बंद. बाँड संपल्यावर कागद तपासायला दिले तेव्हा टेबलापलीकडच्या बाईंनी त्यावर नख फिरवलं. “असं करत नसतात. मूळ आहे की कलर झेरॉक्स, कसं ओळखायचं?” प्लास्टिक काढायला गेलं तर शाई सोबत येते, हे दोन दुकानदारांनी सांगितलं. दुसरी प्रत मिळवायला शपथपत्र, अर्ज, फी आणि वाट बघणं. तो अर्ज मी मागच्या सोमवारी टाकला. मूळ प्रमाणपत्र कुणीही लॅमिनेट करू नका, साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा.

अण्णांना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांनी ते भिंतीवर लावायला खिळा ठोकून ठेवलाय.